अकरावी

घाटंजीपासून सोळा किलोमीटर आत
आमचं ज्युनिअर कॉलेज,
मी लॅब असिस्टंट, कागदावर शिपाई.
यंत्रं बारा.
एक माझ्यापुढं, सगळ्या फायली
पोटात घेऊन बसलेलं, ज्वारीच्या ढोलीसारखं.
उरलेली अकरा त्याच्याकडं हात पसरणार:
दहा पोरांची, एक भिंतीपलीकडं
ऑफिसात, पुसदकरबाबूंच्या टेबलावर.
वायर मीच ओढली, खिडकीच्या गजातून.
खारीनं दोनदा कुरतडली, दोनदा जोडली.

दहापर्यंत सगळं गोड.
अकराव्याच्या पडद्यावर पाटी:
आता आणखी जोडणी होणार नाही.
शिवी नाही, सबब नाही,
नंतर या, असंही नाही.

ती पाटी रोज मोनिषा आत्रामच्याच पुढ्यात.
वर्ग अकरावी, नंबर अकरावा,
पाच किलोमीटर सायकल मारून येते
म्हणून बसायला शेवटची.
"सर, मलेच काहून नाही?"

काय सांगू.
आमच्या काळी-पिवळीवर लिहिलेत नऊ, बसतात एकोणीस.
शेषराव दाराला बाहेरून लटकून म्हणतो, सरका थोडं,
आणि माणसं खरंच सरकतात.
पंगतीत पत्रावळी संपल्या
तरी आलेल्याला कोणी ऊठ म्हणत नाही,
वाढपी म्हणतो, मांडी आवरा बाप्पा.
सरका हा शब्द
या यंत्राला कोणी शिकवलाच नाही.

यवतमाळहून सप्लायरचा पोरगा आला.
पेनड्राइव्ह मोटरसायकलच्या किल्लीला बांधलेला.
"दोनशे द्या, आकडाच काढून टाकतो.
नाहीतर मोठं सॉफ्टवेअर घ्या,
त्याचं लायसन्स वेगळं,
वर दर जोडणीमागं आणखी वेगळं."
प्राचार्य म्हणाले, या वर्षी छपराचे पत्रे.
मी शंभराच्या दोन नोटा काढल्या होत्या खिशातून.
परत ठेवल्या.
का, ते अजून नीट सांगता येत नाही.
बहुतेक ते बटण.
खोकी फोडली त्या दिवशी
'मान्य आहे' वर बोट माझंच होतं,
न वाचता,
जसं गावात सगळ्याच कागदांवर असतं.

लोडशेडिंगच्या दुपारी तो करार वाचायला घेतला.
मुंगीएवढं अक्षर, मांडीवर डिक्शनरी.
निम्मं डोक्यावरून गेलं.
एवढं मात्र कळलं, मोजतात ते जोडून बसलेल्यांना.
काम करतो की घोरतो,
तिथं कोणी विचारत नाही.

लाइट आली तशी यादी उघडून पाहिली.
नऊ पोरांच्या.
दहावी जोडणी पुसदकरबाबू,
सकाळी साडेदहापासून, एकच फाईल उघडी,
मस्टर, तेही कोरं.
बाबू यवतमाळला मीटिंगला.
एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल,
आणि माणूस खाली चहा पीत उभा.

मी रुमाल उचलला.
यंत्रानं विचारलं, खात्री आहे का?
हाव, म्हटलं, मोठ्यानं.
पोरं हसली.
मोनिषाचा पडदा निळा झाला, मग पांढरा.
तिनं आधी स्वतःचं नाव लिहिलं, एका बोटानं.
मो सापडला, नि सापडला,
षा साठी सगळा कीबोर्ड पालथा घातला,
शेजारच्या गजूनं दाखवू म्हटलं
तर त्याचा हात बाजूला सारला.
कोपऱ्यातला पंखा मी बंद केला,
व्होल्टेज पडू नये म्हणून.

उद्या बाबू येतील, पाटी वाचतील,
माझ्या नावानं मेमो काढतील.
मेमोचा नमुना माझ्याच यंत्रात आहे,
त्यांना जोडणी लागेल.
मी म्हणणार, थांबा साहेब,
पोरगी सेव्ह करून राह्यली.